बंद गडूतली गंगा

वेणुगोपाळरावांना कुणी पाणी दिलं की ते आधी भांड्यात बघायचे. मग भांडं उजेडाकडे तिरकं धरायचे, मग नाकाजवळ न्यायचे. एवढ्यानेही समाधान झालं नाही की बायकोला म्हणायचे, "अगो, हात पुढें कर." अंबुजामामी तळहात पुढे करायची. ते त्यावर घोटभर पाणी ओतायचे, ती पिऊन दाखवायची, आणि ती धडधाकट उभी आहे अशी खात्री पटली की मग हे गृहस्थ वरून धार धरून पाणी प्यायचे. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. इतकी वर्षं ती बाई स्वतःच्याच परसातल्या विहिरीसाठी साक्ष देत होती, आणि खटला काही संपत नव्हता.

माझी आई सुंदरी त्यांची शेजारीण. कुंभकोणाजवळच्या मेलकावेरीत त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, आणि पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडची माणसं 'शतायुषी' म्हणत. रक्ताचं नातं नव्हतं, पण आई त्यांना मामा-मामी म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणतो. पुढचं सगळं आईने ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे. आईची जीभ तिखट होती आणि तिला तिखटमीठ लावायचीही सवय होती, तेव्हा जे मला पटलं नाही ते मी गाळलं आहे. उरलेलं खरं धरायला हरकत नाही.

मामा जरीचे पारखी होते. तिरुभुवनमचे विणकर रेशमी लुगडी घेऊन कुंभकोणातल्या पेढीवर आले की मामा कमरेचा पोलादी टोचा काढायचे, काठातला एक धागा उचलायचे, कसोटीच्या दगडावर घासायचे, दिव्यावर धरायचे. धागा आतून पांढरा, म्हणजे चांदीचा, निघाला तर माल आत, लाल निघाला तर विणकर बाहेर. सोन्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक धाग्यात ज्याने उभा जन्म तांबं शोधलं, तो घरी येऊन एकाएकी भोळा कसा होणार? बरं, त्यांची पारख सहसा चुकत नसे. सगळा घोळ तिथेच होता. वरचेवर चुकणाऱ्या माणसाला कधीतरी आपलाच संशय येतो. मामांना तो कधी आला नाही.

घरात सरकारी म्हणून जे येईल त्यावर तर दुहेरी संशय. तंजावरचं राज्य खालसा झालं तेव्हा मामांच्या वडिलांची राजाच्या पागेतली नोकरी गेली होती. 'कांहीं बदलणार नाहीं' असं तेव्हा गोऱ्या साहेबाने म्हणे स्वतः सांगितलं होतं. मामा त्या वेळी रांगत होते, पण ते वाक्य त्यांना दुधाबरोबर पाजलं गेलं होतं.

सगळ्या जगात एकाच वस्तूवर त्यांचा पुरा विश्वास होता. देवाच्या फळीवर तांब्याचा एक लहानसा गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. मामांच्या आईने तो काशीहून आणला होता, गंगा भरून. माणूस जाताना तुळशीच्या पानाबरोबर ही गंगा तोंडात घालायची, आणि तोवर झाळ फोडायची नाही. गडू एक आणि घरात माणसं दोन. मूलबाळ नव्हतं. मामी कधी चेष्टेने म्हणायची, "जो आधीं जाईल त्याची गंगा." मामा त्यावर हसत नसत.

मग एकोणीसशे अठराच्या ऐप्पसीत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला, तो ताप आला. महायुद्ध संपत आलं होतं, आणि बाहेरून येणाऱ्या आगगाड्यांतून हा जुरम्, म्हणजे ताप, गावात शिरतो असं लोक सांगत. आधी पट्टीश्वरमच्या वाटेवरची दोन घरं बंद झाली, मग आमच्या गल्लीतली. दारापुढे रांगोळी दिसली नाही की माणसं रस्त्याची दुसरी बाजू धरत. ओट्यावर म्हाताऱ्यांची बैठक बसायची ती एकेक हाताचं अंतर सोडून बसू लागली. कुणी म्हणे विहिरींत भुकटी टाकतात. कुणी म्हणे दवाखान्यातलं औषध म्हाताऱ्यांना वेगळं आणि तरण्यांना वेगळं देतात. दुधवाली शिंकली म्हणून गल्लीने दूध बंद केलं. तिच्या नाकात कोंडा गेला होता, हे तिला सांगूही दिलं नाही.

एरवी मामांच्या संशयाला गल्ली हसायची. आता सगळी गल्लीच मामा झाली होती, आणि मामांना त्याचा आनंद लपवता येत नव्हता. सकाळी ओट्यावर बसून ते सांगायचे, "ज्याचा देह त्यानें राखावा. दुसऱ्याच्या हातावर जीव ठेवूं नये." त्यांनी स्वतःची माठली वेगळी केली, ती स्वतः घासायची, स्वतः भरायची. सुंठ स्वतः कुटायची. मिरी दाणा दाणा निवडायची. गळ्यात कापराची पुरचुंडी. अंग पुसायचं, कढत पाणी प्यायचं, उन्हात बसायचं. आपला हात जगन्नाथ. आणि खोटं कशाला बोलू, ते त्यात वाकबगार होते. गल्लीतले बाकीचे म्हातारे हातपाय गाळून बसले असताना हा माणूस ताठ होता. 'वेणुगोपाळरावांना विचारा' असं लोक म्हणायला लागले. कुणाला काढा किती आटवावा ते विचारायचं असे, कुणाला नुसता धीर हवा असे.

पण आईने एकदा भिंतीतून ऐकलं. मामी विचारत होती, "तुम्हांस भय वाटतें का?" मग मामा म्हणाले, "वाटतें. मज मरायचें नाहीं. मी कोणास सांगत नाहीं, तूंही सांगूं नकोस." आईने मात्र मला सांगितलं, आणि मी तुम्हाला सांगतो आहे, कारण हे कळल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. वरवर दिसत होता तो नुसता ताठा नव्हता. आत भीती होती आणि तिला दार लावून घ्यायची सवय होती.

सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर कृष्णराव आमच्यातलेच, तंजावरी मराठी. ते घरोघर औषधाची बाटली देत फिरत. मामांनी बाटली घेतली, आभार मानले, आणि ते वळताच औषधाचा थेंब कसोटीच्या दगडावर टाकून पाहिला. दगड काही बोलला नाही. मग बाटली परसातल्या कर्दळीच्या मुळाशी ओतली. दोन-तीन दिवसांत कर्दळ पिवळी पडली. मामांनी ती सगळ्या ओट्याला नेऊन दाखवली. कर्दळीच्या मुळाशी मामी रोज कढत पेज ओतत होती हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कृष्णरावांना कुणी दार उघडेना. त्यांचा काय दोष होता बिचाऱ्यांचा? आईला ते फार लागलं, कारण तिला औषध हवं होतं आणि ते उघड मागायची चोरी झाली होती.

आणि मग मामांनाच ताप चढला. इतकी राखण करूनही चढला. तापापेक्षा त्यांना अपमानच जास्त लागला. आपण नियम चुकलो नाही, मग कुणीतरी काहीतरी केलं असणार, हा त्यांचा हिशेब. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, इथे तर मनाला वैऱ्याची गरजच उरली नव्हती. ते पडल्या पडल्या घराकडे बघत राहिले. खिडकी कोणी उघडली? माठलीचं झाकण तिरकं का? मामी स्वयंपाकघरात कुणाशी बोलते आहे? ती देवाशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ग्लानीत होते. मामीने तुळशीची पानं पाण्यात टाकून कढवली, पाणी कोमट केलं, आणि पळीने त्यांच्या ओठांवर धरलं. तापाला तुळस कोण देत नाही? पण मामांनी डोळे उघडले ते नेमके तेव्हा. वर बायको वाकलेली, डोळ्यांत पाणी, हातात देवाची पळी, पळीत तुळशीचं पान. आमच्याकडे माणसाच्या तोंडात तुळशीपाणी घालतात ते कधी, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

मामांनी पळी उडवली. "माझ्या तोंडांत गंगा घालतेस?"

"गंगा कसली? तुळशीचा कषाय अहे. जुरम् उतरावा म्हणून."

"मज शिकवूं नकोस. तूं मला लोटून मोकळी जालीस."

त्या तापलेल्या अंगाने ते उठले, भिंत धरत देवाच्या फळीपाशी गेले आणि गडू उतरवला. हलवून पाहिला, भरलेला होता. खिडकीशी नेऊन त्याची झाळ नखाने चाचपली, उजेडाला धरून सगळीकडून फिरवली, आणि पारख दिली, "हात लागला नाहीं." मग गडू छातीशी धरून कोठीच्या खोलीत गेले, आपली माठली आत ओढली आणि कडी घातली. जोवर गडू आपल्यापाशी तोवर आपल्याला कोण मारतो, असा काहीतरी त्यांचा विचार असावा. तापात माणसाला याहून वेडे विचार सुचतात, आणि मामांना तर ताप नसतानाही सुचत.

मामी दाराबाहेर जमिनीवर बसली. आई भिंतीशी. आत काय चाललंय ते दोघींनाही कळत नव्हतं. मामी उंबऱ्याशी पाण्याचं भांडं ठेवायची, म्हणायची, "दार उघडूं नका. नुसता हात काढा. मी दूर बसतें." आतून उत्तर यायचं, "माझें पाणी मजपाशीं अहे." दुसऱ्या दिवशी आतून माठली खरवडल्याचा आवाज आला. ती कोरडी पडली होती. मामी म्हणाली, "मी आधीं पितें. ऐका. हा घोट प्यालें. आतां घ्या." तिने खरंच मोठ्याने गिळून दाखवलं. आतून काही नाही. ती पुन्हा प्याली. माझी आई सांगायची, जन्मात इतकं वाईट काही ऐकलं नाही. एक म्हातारी बंद दाराला पाणी पिऊन दाखवत होती.

मामांची जीभ टाळूला चिकटली होती. दाराबाहेर पाणी होतं आणि ते घ्यायचं म्हणजे विश्वास ठेवायचा. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. मग त्यांची नजर गडूवर गेली. सगळ्या घरात, सगळ्या कुंभकोणात, ज्याला कुणाचा हात लागलेला नाही असं एवढंच पाणी होतं. त्यांच्या आईने काशीहून आणलेलं, बंद. त्यांनी कमरेचा टोचा काढला आणि झाळ फोडली.

आईने भिंतीतून तांब्याचा खणकन आवाज ऐकला, आणि मग बराच वेळ काही नाही. तिला वाटलं, संपलं. मामीला काय वाटलं ते मामीने कधी सांगितलं नाही. ती दाराला टेकून बसून राहिली, वारा येत होता तिथेच, आणि उठली नाही. उजाडताना कडी निघाली. मामा घामाने भिजलेले उभे होते. ताप उतरला होता. "अगो, भूक लागली," म्हणाले.

बरे झाल्यावर मामा आणखी ताठ झाले. ओट्यावर बसून सांगू लागले, कुणाच्या हातचं औषध नाही, कुणाच्या हातचं पाणी नाही, आपली राखण आपण केली आणि बचावलो. गडूचं मात्र बोलले नाहीत. फुटलेली झाळ त्यांनी मेणाने लिंपली, वर कुंकवाचं बोट ओढलं आणि गडू परत फळीवर ठेवला. मामीच्या वाट्याची गंगा आपण पिऊन बसलो, हे त्यांना टोचत होतं. तोवर एवढंच टोचत होतं.

मग मामी पडली. तिचा ताप वेगळाच होता. तो अंगात शिरला आणि छातीत बसला. आई तिच्याजवळ बसायला गेली, तोंडाला पदर बांधून. कृष्णराव एकदा येऊन गेले, बाटली ठेवून. या वेळी मामांनी ती ओतली नाही. ती हातात घेऊन बसले, झाकण काढत, लावत. मग आईला म्हणाले, "सुंदरी, हें द्यावें का?" मामांनी कुणाला काही विचारलेलं आई पहिल्यांदाच ऐकत होती. दोघांनी मिळून मामीला औषध दिलं. तिने ते घेतलं, पण उशीर झाला होता असं आईला वाटत असे, आणि मला वाटतं ते खरं असावं.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मामी म्हणाली, "आतां गडू काढा."

मामा जागचे हलले नाहीत. "कशास? तूं बरी होशील."

"काढा म्हणतें ना."

मामांनी खाली बघत सांगितलं, "गडूंत गंगा नाहीं. मी प्यालों. आंत कोंडून होतों तेव्हां. दुसरें पाणी मज चालेना. तुझ्या वाट्याची गंगा मी प्यालों, अंबुजे."

बायकोला नावाने हाक मारायची आमच्याकडे रीत नाही. आई चपापली. मामी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. आईने तिला धरलं.

"मज ठाऊक अहे. फळी पुसतांना गडू हलका लागला," मामी म्हणाली. "पण तुम्ही काय प्यालांत तें तुम्हांस ठाऊक नाहीं."

मग तिने सांगितलं, थांबत थांबत. नऊ वर्षांमागे महामख आलं होतं. बारा वर्षांनी कुंभकोणच्या तळ्यावर भरणारा तो स्नानाचा मेळा, घर पाहुण्यांनी भरलेलं. आदल्या दिवशी फळी पुसताना गडू तिच्या हातून पडला आणि झाळ उकलली. काशीची सगळी गंगा जमिनीत जिरली. "मी रडलें. मग मनांत आलें, उद्यां तर महामख. उद्यां गंगा आपणच इथें तळ्यांत येते की. अवघ्या नद्यांसवें येते. मग काशीला कशास जायचें?" दुसऱ्या दिवशी तिने गर्दीत बुडी मारली, पदराखाली गडू भरून घेतला आणि परतताना महालिंग तांबटाकडून झाळून आणला. "तुम्हांस सांगितलें असतें तर तुम्ही गडू फेकला असतां."

मामा म्हणाले, "त्या तळ्यांत लाख माणसें न्हालीं होतीं."

"न्हालीं होतीं की. लाखांच्या अंगाचें पाणी प्यालांत, आणि बरे जालांत. मी उंबऱ्याशीं भांडें घेऊन बसलें होतें, तें नाहीं घेतलेंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, असं आई सांगायची. माझा विश्वास बसत नाही. थोडा राग असणारच, आणि असायला हवा. पण मामांना तो राग ऐकू आला की नाही कोण जाणे, कारण ते तिथे जमिनीवर बसून रडत होते. ज्या एका झाळीवर त्यांनी आयुष्याची पारख दिली होती, ती बायकोच्या सांगण्यावरून बाजारात लावलेली होती. जगात ज्या एका पाण्याला कुणाचा हात लागला नाही असं वाटलं, त्याला तिचाच हात लागला होता. आणि त्याच पाण्याने ते जगले होते.

रडून झाल्यावर ते उठले. मेण खरवडून गडू घासला आणि तो घेऊन कावेरीवर गेले. ऐप्पसीत कावेरी भरून वाहते, आणि त्या महिन्यात तिच्यात गंगा असते असं आमच्याकडे मानतात. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. मामीच्या उशाशी बसले. आईने तुळशीचं पान आणून दिलं. मामांनी गडू उचलला, आणि मग थांबले. आईला वाटलं, आता हा माणूस पाणी उजेडाला धरतो की काय. त्यांनी आपलाच तळहात पुढे केला, त्यावर घोटभर पाणी ओतलं, मामीच्या डोळ्यांसमोर प्यायले, आणि ती बघते आहे अशी खात्री करून घेतली.

"चांगलें अहे," म्हणाले. "घे."

मामीने तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्यांच्या दारापुढे रांगोळी नव्हती, आणि गल्लीतली माणसं सवयीने रस्त्याची दुसरी बाजू धरू लागली होती, पण आई मधोमध उभी राहिली. मग बरेचजण आले.

मामा पुढे पुष्कळ जगले. टोचा त्यांनी पेढीवर परत दिला. ओट्यावर बसायचे, पण राखणीची गोष्ट कधी काढली नाही. कृष्णरावांना त्यांनीच हाताला धरून घरोघर नेलं आणि कर्दळीची खरी गोष्ट सगळ्यांना सांगितली. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते अगदी थकले होते. उन्हातून यायचे आणि आमच्या दारात उभे राहून पाणी मागायचे. आई भांडं द्यायची. ते वरून धार धरायचे आणि डोळे मिटून प्यायचे. भांड्यात बघायचे नाहीत.

एकदा आईने विचारलं, "मामा, आतां पाहत नाहींत?"

"चाखणारी गेली गो," मामा म्हणाले, आणि भांडं पुढे करून आणखी पाणी मागितलं.